वाकलेली रेघ

हनापेपे, काउआई
३ मे

लोपाका,

पाकिटावरचं अक्षर बघून हे पत्र न उघडताच फेकून देशील, अशी मला जवळजवळ खात्री आहे. तरी लिहितेय. बारा वर्षांत चार पत्रं पाठवली, चारही गिळलीस. फोन केला तर तो यंत्रातला बाईचा आवाज म्हणतो, निरोप ठेवा. यंत्राला निरोप सांगायची मला सवय नाही.

मुद्द्याचं सांगते. तुझी लेक इथे आहे, हे तुला ठाऊक असणारच. मी तिला बोलावलं नव्हतं. अडीच वर्षांपूर्वी पाठीवर पिशवी टाकून नावेच्या शेडमध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला शिकवा." मी विचारलं, "कुणाची गं तू?" तिने तुझं नाव सांगितलं. माझ्या हातातला दोर सुटला. लास वेगासच्या वाळवंटात वाढलेली पोर, जिथे तू हॉटेलातले एसी दुरुस्त करतोस, ती मला समुद्र शिकवा म्हणत होती. वाटलं होतं आठवडाभर टिकेल.

हिनानो टिकली. टिकली काय, तयार झाली. तयार हा शब्द मी कुमू म्हणून चाळीस वर्षं शिकवताना फार थोड्यांसाठी वापरलाय आणि तुला ते माहीत आहे. आता तिची परीक्षा आहे, तीच, निहोआ बेटाची. होकायंत्र नाही, नकाशा नाही, घड्याळसुद्धा नाही. संध्याकाळी इथून निघायचं आणि दुसऱ्या दिवशी उजेड असेतो तो खडक समोर आणायचा. परवानगी तीस जूनपर्यंतच आहे. त्यानंतर वर्षभर पुन्हा अर्ज, शिक्के आणि ऑफिसच्या पायऱ्या.

आणि नाव अडलीय. वाऱ्यामुळे नाही, तुझ्यामुळे.

रविवारी निघण्याआधीची बैठक होती. सगळे गोल बसलो. कामुएला आता चौऱ्याऐंशीचा आहे, ऐकू कमी येतं, पण नेहमीसारखं त्यानेच विचारलं, "कुणाच्या मनात कुणाबद्दल काही आहे का? असेल तर इथेच सोडा. नावेवर आधीच वजन फार आहे." मग तुझी लेक म्हणाली, "माझ्या मनात काही नाही, काका. पण माझे बाबा कुमूंचं नाव निघालं की उठून दुसऱ्या खोलीत जातात. मी दोघांनाही मनात घेऊन जाणार आहे ना? मग ते कुठे सोडू?"

कामुएलाने माझ्याकडे पाहिलं आणि हातातली काठी वाळूत रोवली. "हे मिटल्याशिवाय नाव हलणार नाही," म्हणाला. संपलं. त्याच्या शब्दापुढे कुणी जात नाही, मीही नाही.

तेव्हा तुला फक्त दोन ओळी लिहायच्या आहेत. मनात काही नाही, एवढंच. माझ्याकडून तर काहीच शिल्लक नाही. तू चुकलास, मी तुला केव्हाच माफ केलंय. लेकीसाठी एवढं कर.

उइलानी


हनापेपे
१७ मे

लोपाका,

दोन आठवडे झाले आणि तू अजून ढिम्म. पोस्टातली मुलगी मला बघितलं की आता लांबूनच मान हलवते.

इथे माझ्या डोक्यात रोज तिडीक जाते. नवीन आलेली पोरं मनगटावर ती घड्याळं बांधून येतात, ज्यात आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते दिसतं. नावेवर चढताना मी अळकुड्यांच्या पोईचा रिकामा वाडगा पुढे धरते आणि सगळी घड्याळं त्यात टाकायला लावते. एक जण म्हणाला, "कुमू, नुसतं पावलं मोजायला ठेवू का?" मी म्हटलं, "साठ फुटांच्या नावेवर तू पावलं मोजून जाणार कुठे रे?" क्षितिजाच्या वर्तुळाची बत्तीस घरं तोंडपाठ म्हणतात, पण कुठल्या घरातून कुठला तारा वर येतो हे विचारलं की वर छपराकडे बघतात.

हिनानो तशी नाही. परवा तिला नावेच्या पोटात झोपवलं, डोळ्यांवर फडकं बांधलं आणि वर पोरांना तीनदा दिशा बदलायला लावली. तिन्ही वेळा खालून ओरडली, किती वळलो ते. एकदा मलाच पटेना, वर जाऊन पाहिलं तर तिचं बरोबर. पाठीने लाट ओळखते. तू तसाच ओळखायचास.

कामुएलाने विचारलं, "काय लिहिलंस त्याला?" मी सांगितलं, माफ केलं म्हणून लिहिलं. तर तो वाळवलेला आकू मासा चघळत म्हणाला, "माफ केलंस? उइलानी, हे नक्की कुणी कुणाला करायचं आहे?" मी उठून गेले. म्हाताऱ्याला अर्धं ऐकू येत नाही आणि नको ते सगळं कळतं.

तुझ्या परीक्षेच्या वेळी काय झालं होतं ते मला चांगलं आठवतंय. आभाळ पहाटेपासून भरलेलं. सूर्य कुठे आहे ते दिसत नव्हतं. तू सोळा तास डोळ्याला डोळा न लावता काढले होतेस. अकराच्या सुमारास म्हणालास, "कुमू, जरा पडतो," आणि सुकाणूवरच्या पोराला सांगितलंस, "लाट उजव्या मागच्या कोपऱ्यावर ठेव." पाऊण तास झोपलास. मग सूर्य बुडाला तरी बेट दिसेना, आणि मागून येणाऱ्या सोबतीच्या मोटरबोटीवरून वेंडेलला रेडिओवर सांगावं लागलं की आपण निहोआच्या पंधरा मैल उत्तरेने पुढे निघून आलोय. परत आल्यावर शेडमध्ये सगळ्यांसमोर मी जे बोलले ते कठोर होतं, मान्य आहे. पण झोपलास हे खरं होतं.

आणखी एक सांगायचं होतं. कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या उजव्या डोळ्यात पडदा आलाय, डाव्यातही सुरू झालाय. क्षितिजाशी उगवणारा तारा मला आता दिसत नाही, बोटभर वर आला की मग कळतं. हिनानो माझी शेवटची. ती गेली नाही तर पुढे कुणाला शिकवायचं आणि कशाने? हे सगळं तुझ्या दोन ओळींवर अडलंय आणि तू तिथे पंखे फिरवत बसलायस. चीड येते मला, दुसरा शब्द नाही.

उइलानी


हनापेपे
२९ मे

लोपाका,

हिनानोची सफर झाली की वेंडेल नाकाशिमा आपली मोटरबोट विकणार आहे. गुडघे गेलेत त्याचे. काल एक खोकं घेऊन आला. "मावशी, बोट रिकामी करताना हे सापडलं. तुमच्या सगळ्या सफरींचे कागद. फेकायचं जिवावर आलं."

तुला माहीतच आहे, त्याच्याकडे सगळी यंत्रं असायची. आपण पुढे, तो मैलभर मागे, दर तासाला आपण कुठे आहोत ते नकाशावर टिपायचा आणि तोंडाला कुलूप. बुडत असू किंवा परीक्षेची वेळ संपली तरच बोलायचं, असा करार होता.

त्याने तुझ्या सफरीचा नकाशा काढून माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. चार कोपऱ्यांवर वाडगा, मिठाची बरणी, माझा चष्मा आणि त्याची टोपी ठेवली. मग ठिपक्यांवरून बोट फिरवत गेला. "ही बघा, काय सरळ आलीय पोराची रेघ. सोळा तास! मी तेव्हाच म्हटलं होतं, या पोराच्या डोक्यात काहीतरी आहे. आणि मग इथे." त्याचं बोट थांबलं. "इथे अकरा वाजता वाकली. एकदम. दोन घरं उत्तरेला. काय झालं होतं इथे? लोपाकाने वळवली का?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक. मी मागे तोंड करून बसले होते."

"तेही खरंच," म्हणाला, आणि माझ्या हातचा भात खाऊन गेला.

तो गेल्यावर मी शिवणाच्या डब्यातली पट्टी काढली. अकरा वाजेपर्यंतच्या ठिपक्यांना लावली आणि पेन्सिलीने रेघ पुढे नेली. पट्टी हलली असेल म्हणून पुसून पुन्हा नेली, आणि मग आणखी एकदा. निहोआ नकाशावर केवढं आहे? तिळाएवढं. पेन्सिल तिन्ही वेळा त्याच्यावरूनच गेली.

पुढे लिहायला बसले आहे, पण


३० मे

कालचं पत्र अर्धंच राहिलं. टपालात टाकलं नाही. दोन्ही एकाच पाकिटात पाठवते, नाहीतर हे पाठवायचा धीर होणार नाही.

तू झोपलास तेव्हा सुकाणूवर जो पोरगा होता त्याला मी म्हटलं, "जा, पाणी पिऊन ये, दोन घास खा. तोवर मी धरते." त्याला काय, बरंच वाटलं. बाकीचे शिडाखाली डुलक्या घेत होते. मी सुकाणू धरलं आणि नाव दोन घरं उत्तरेला वळवली.

का वळवली? कारण मला वाटलं तू दक्षिणेला सरकतोयस. वाटलं नाही, खात्री होती. रात्रभर माझ्या मनात माझा स्वतःचा हिशेब चालला होता आणि तो तुझ्याशी जुळत नव्हता. दोघांपैकी एक चूक. मग चूक तुझीच असणार, हे ठरवायला मला क्षणही लागला नाही. पोरगा परत आला तेव्हा त्याला म्हटलं, "लाट आता अशी धर," आणि माझ्या जागेवर जाऊन बसले.

ती जागा कुठली ते मी तुला काय सांगू? परीक्षेच्या वेळी शिकवणाऱ्याने पाठीमागे तोंड करून बसायचं, म्हणजे शिष्याला आपल्या चेहऱ्यावरून उत्तर वाचता येऊ नये. हा नियम मीच तुम्हाला पहिल्या दिवशी सांगते. चेहरा मी झाकला. हात मोकळे ठेवले.

तू उठलास. उठताक्षणी थांबलास. पाय फाकवून उभा राहिलास, डोळे मिटलेस आणि म्हणालास, "लाट सरकलीय." पाठीने ओळखलंस, लोपाका, झोपेतून उठून. आणि मग तू असा विचार केलास की सुकाणूवरचा पोरगा चुकणार नाही, कुमू तर मागेच बसली आहे, म्हणजे लाटच फिरली असणार. त्यावर पुढचा सगळा हिशेब मांडलास. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. नावेवरच्या माणसांवर विश्वास नसेल तर दर्यावर जायचंच कशाला?

मी गप्प बसले. वाटलं, बेट दिसेल, तू पास होशील आणि हे कुणाला कळायचं कारणच उरणार नाही. बेट दिसलं नाही. तेव्हाही मला वाटलं की उठल्यावर तूच हिशेब चुकवून नाव आणखी उत्तरेला नेलीस. बारा वर्षं मी हेच धरून बसले होते, कालपर्यंत.

परत आल्यावर वाळूत तू मला विचारलंस, "कुमू, मी झोपलो असताना काही झालं होतं का?" आणि मी म्हणाले, "समुद्राला विचार."

हे वाक्य मला रोज आठवतं. मग शेडमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले की झोपणाऱ्याच्या हाती मी नाव देत नाही. महिन्याभरात लेकीला आणि बायकोला घेऊन निघून गेलास, जिथे समुद्राचा वाससुद्धा येत नाही अशा ठिकाणी.

तू बरोबर होतास. नाव मी चुकवली. नकाशा सोबत पाठवतेय, पेन्सिलीची रेघ माझी आहे.

माफी मागायला तोंड नाही, पण मागते.

उइलानी


हनापेपे
१४ जून

लोपाका,

बैठक पुन्हा बोलावली. कामुएलाने काठी रोवायच्या आधीच मी उभी राहिले आणि तुला लिहिलं ते सगळं सांगितलं, त्याच शेडमध्ये आणि मोठ्याने, कारण कामुएलाला ऐकू जायला हवं होतं. मध्येच तो म्हणाला, "काय? कुणी वळवली?" आणि मला ते पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं. डोळ्यांचंही सांगून टाकलं.

वेंडेल कोपऱ्यात उभा होता. त्याने टोपी काढली, परत घातली.

हिनानोने विचारलं, "म्हणजे बाबा बरोबर होते?"

"हो."

"आणि हे त्यांना माहीत नाही."

"लिहिलंय. नकाशासकट."

"बारा वर्षं, कुमू! मी पाचवीत होते. बाबा रात्री गॅलरीत उभे राहून हाताने आकाश मोजायचे आणि मग स्वतःवरच चिडून आत यायचे. मला वाटायचं तारे चुकीचे आहेत." मग ती उठली, नावेवर गेली आणि मधल्या आडव्या वाशावर मी बांधलेला दोर सोडायला बसली. मी दोन दिवस खपून बांधलेला होता. तिने तो सगळा उलगडला आणि स्वतःच्या हाताने नव्याने आवळला. चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

काल तुझं कार्ड आलं. पोस्टातली मुलगी रस्ता ओलांडून पळत आली. पुढे कारंज्याचं चित्र, मागे तुझं ते वेडंवाकडं अक्षर. "हिनानोला जाऊ द्या. तुम्हीही जा, तुमच्या जागेवर बसा. पण हात बांधून." सही नाही, नमस्कार नाही.

मी कार्ड कामुएलाला दिलं. त्याने डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचलं आणि इतका हसला की ठसका लागला. "पोरगं माफ करत नाहीये," म्हणाला, "पण बोलतंय. मला चालेल." काठी उपटून घेतली.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, खोटं कशाला सांगू? एकाहत्तर वर्षांच्या बाईचे हात बांधायचे? पण हिनानोने कार्ड वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा बोलली, "दोर कुठला घेऊ, कुमू? जाड की बारीक?"

एकवीसला निघतो, वारा राहिला तर.

उइलानी


हनापेपे
२४ जून

लोपाका,

काल परतलो. मनगटं अजून दुखतायत, अक्षर लावून घे.

संध्याकाळी चारला निघालो. हिनानोने आधी पोरांना जागा नेमून दिल्या, मग माझ्याकडे आली. मी मागे तोंड करून बसले आणि हात पुढे केले. पोरं बघत होती. तिने बारीक दोर घेतला, तीन वेढे, मधून आडवे दोन, आणि शेवटची ती गाठ, जी मी तुला या नावेवर शिकवली होती. मी विचारलं, "ही कुठे शिकलीस?" म्हणाली, "बाबा एसीचे पाइप बांधायचे तेव्हा." लेकीला समुद्राचं काही शिकवायचं नाही असं ठरवून गेला होतास ना तू? बरं ठरवलंस.

जेवताना तिनेच गाठ सोडली, भरवलं नाही. खाऊन झाल्यावर पुन्हा बांधली. शरम वाटली का, तर वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं. मुद्दाम केल्यासारखं. दहाच्या पुढे हिनानो म्हणाली, "कुमू, वीस मिनिटं पडते." सुकाणूवरच्या मुलीला लाट सांगितली आणि माझ्या पायाशीच आडवी झाली. लगेच झोप लागली तिला.

आणि मग मला पुन्हा तेच वाटायला लागलं, की नाव दक्षिणेला चाललीय. तसंच, लोपाका, पोटातून, खात्रीने. तो नकाशा मी पाहिलाय, पेन्सिल मीच फिरवलीय, तरीसुद्धा मन म्हणत होतं की या वेळी मात्र तूच बरोबर आहेस, उइलानी, दोन घरं उत्तरेला. बोटं दोराखाली वळवळत होती. सुकाणूवरच्या मुलीला हाक मारायला तोंड तर मोकळंच होतं. मी ओठ दाताखाली धरला आणि समोर बघत राहिले, म्हणजे मागे.

हिनानो उठली. पाय फाकवून उभी राहिली, डोळे मिटले. "लाट तिथेच आहे," म्हणाली, आणि पुढे निघून गेली.

चारच्या सुमाराला पुढून आरोळी आली. मग सगळेच ओरडायला लागले, नाचायला लागले, नाव डुलायला लागली. मागे लांब वेंडेलने भोंगा वाजवला, म्हणजे त्यालाही दिसलं. निहोआ. समोर, अगदी नावेच्या पुढच्या टोकावर, असं मला नंतर सांगितलं.

हिनानो रडत माझ्याकडे धावत आली आणि गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना. "वळा ना, कुमू! बघा तरी!"

मी म्हटलं, "थांब जरा."

तेवढ्यात ढग फाटला होता आणि पाण्यावर ऊन आलं होतं. माझ्या या अधू डोळ्यांना लांबचं बेट दिसलं असतं की नाही देव जाणे, पण समोरचं पाणी दिसत होतं. नावेच्या मागे उमटणारी पांढरी रेघ. बारा वर्षांपूर्वीही मी तिथेच बसले होते, आणि ती वाकलेली त्या नावेवर फक्त मी पाहिली होती.

या वेळी दिसेल तिथवर ती सरळ होती, लोपाका. तुझीही होती, मी हात लावेपर्यंत.

उइलानी